क्रुसेडर किंग्ज 3 : कन्सोलवरून राजाची भक्ती कमी-जास्त कशी करावी

क्रुसेडर किंग्ज 3 या मध्ययुगीन राजांच्या संगणक-खेळात सोने संपले तरी राज्य काही काळ कर्जावर ओढता येते, परंतु पायटी, म्हणजे राजाच्या भक्तीचा आकडा, कमी पडली की जे करायचे असते त्याचे बटण राखाडी होऊन बसते आणि पुढची कित्येक वर्षे नुसती वाट पाहण्यात जातात. धर्मयुद्ध पुकारणे, पंथ बदलणे, नवा पंथ स्थापन करणे अशा मोठ्या गोष्टी याच एका आकड्यावर अडतात. खेळाची नियंत्रणखिडकी, म्हणजे कन्सोल, उघडून हा आकडा थेट बदलता येतो. मात्र त्यासाठी सहसा जो सल्ला दिला जातो, की पाच हजार पायटी ओतावी आणि मोकळे व्हावे, तो मला पटत नाही. त्याने एक अडचण सुटते आणि त्या राजाच्या उरलेल्या आयुष्यातला खेळ बेचव होतो. नेमके काय कमी आहे ते आधी ओळखावे आणि तेवढेच भरावे, ही रीत येथे सांगायची आहे.

उदाहरणासाठी 1066 सालचा प्रारंभ घेऊ आणि विदर्भाच्या मुलखातला एखादा लहान मांडलिक निवडू. त्या साली नागपूर शहर अस्तित्वात नव्हते, ते गोंड राजा बख्त बुलंद शहा याने 1702 मध्ये वसवले. कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर तेव्हा सोमेश्वर पहिला होता आणि पुढे 1076 मध्ये विक्रमादित्य सहावा राजा झाला. त्याच्याच काळातला, शके 1008 चा, सीताबर्डीचा स्तंभलेख प्रसिद्ध आहे. एका मांडलिकाच्या आश्रिताने गुरांच्या चराईसाठी जमीन दान दिल्याची नोंद त्यात आहे. दान द्यावे, ते दगडावर कोरून ठेवावे आणि त्यातून लोकांत धार्मिक म्हणून मान मिळवावा, हा जो त्या काळचा व्यवहार होता त्याचाच आकड्यांतला अवतार म्हणजे खेळातली पायटी, असे मानून चालायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. खेळात भक्तीचे आकडे दोन आहेत आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्याने होतो. पहिला आकडा हाताशी असलेल्या पायटीचा. तो पडद्याच्या वरच्या पट्टीत दिसतो आणि खर्च केला की कमी होतो. दुसरा आकडा आयुष्यभरात मिळवलेल्या एकूण पायटीचा. त्यावरून राजाची भक्तीची पातळी ठरते. या पातळीच्या शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या असून अगदी तळाची पायरी ‘सिनर’ आणि सर्वांत वरची ‘रिलिजस आयकॉन’ या नावाने दिसते. बँकेच्या पासबुकातली आजची शिल्लक आणि आजवर खात्यात भरलेली एकूण रक्कम यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. शिल्लक खर्च केल्याने एकूण भरणा कमी होत नाही, त्याप्रमाणे पायटी खर्च केल्याने पातळी उतरत नाही. काही कामांना फक्त शिल्लक लागते, काहींना ठरावीक पातळी लागते आणि काहींना दोन्ही लागतात. म्हणून कन्सोल उघडण्यापूर्वी त्या राखाडी बटणावर माउस नेऊन कोणती अट लाल दिसते ते वाचावे. यात अर्धे मिनिट जाते आणि पुढची बरीच दुरुस्ती वाचते.

कन्सोल उघडण्यासाठी खेळ डीबग मोडमध्ये, म्हणजे चाचणीसाठी असलेल्या खास अवस्थेत, सुरू करावा लागतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून खेळ घेतला असेल तर लायब्ररीत खेळाच्या नावावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडावे आणि जनरल या भागात लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत आडवी रेघ, तिला लागून ‘डीबग’, मग अंडरस्कोर आणि मग ‘मोड’ असे एकसलग लिहावे. मध्ये जागा सोडू नये. त्यानंतर खेळ नेहमीप्रमाणे सुरू करावा. ही सोय संगणकावरच्या आवृत्तीपुरती आहे, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर ती नाही. आयर्नमॅन प्रकारात, म्हणजे जेथे जुन्या जतनाकडे परतता येत नाही अशा प्रकारात, सुरू केलेल्या खेळात कन्सोल चालत नाही आणि डीबग मोडमध्ये खेळताना अचिव्हमेंट मिळत नाहीत. त्यामुळे ज्या खेळात अचिव्हमेंट मिळवायच्या आहेत तो खेळ या मोडमध्ये उघडूच नये, वेगळा खेळ सुरू करून तेथे प्रयोग करावेत.

खेळ चालू झाल्यावर कळफलकावर 1 च्या डावीकडे, एस्केपच्या खाली जी कळ असते ती दाबली की कन्सोलची खिडकी उघडते आणि पुन्हा दाबली की बंद होते. येथे मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक चालू राहिला असेल, तर ती कळ दाबूनही खिडकी उघडेलच असे नाही, आणि उघडली तरी अक्षरे देवनागरी उमटतील. देवनागरीतली आज्ञा खेळाला कळत नाही. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी कळफलक आणावा, मग पुढे जावे. खेळ मराठीत उपलब्ध नाही, आणि तो दुसऱ्या कोणत्या भाषेत लावला असला तरी आज्ञा मात्र इंग्रजीच राहतात.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या लहान रोमन अक्षरांत लिहाव्यात. जेथे दोन शब्दांमध्ये खालची रेघ दिसते तेथे अंडरस्कोर द्यावा आणि जेथे मोकळी जागा दिसते तेथेच जागा सोडावी. पायटी या शब्दाची अक्षरे पी, आय, ई, टी, वाय अशी आहेत. ‘ॲड’मध्ये डी दोनदा येतो. आज्ञा न चालण्याचे कारण बहुतेक वेळा स्पेलिंगच असते, म्हणून हा तपशील क्षुल्लक समजू नये.

सर्वांत साधी आज्ञा अशी :

ॲड_पायटी 260

एंटर दाबल्यावर आपण ज्या राजाच्या भूमिकेत आहोत त्याला 260 पायटी मिळते. हेच काम ‘इफेक्ट’ या सर्वसाधारण आज्ञेनेही होते आणि मी तीच वापरण्याचा सल्ला देईन, कारण पुढच्या सगळ्या युक्त्या तिच्यावरच उभ्या आहेत :

इफेक्ट ॲड_पायटी = 260

दोन्ही आज्ञांनी हातातली शिल्लक वाढते आणि आयुष्यभराची बेरीजही वाढते. अडचण नेमकी येथेच आहे. समजा, आपल्या मांडलिकाला शैव पंथात जायचे आहे, त्यासाठी 900 पायटी लागते आणि जवळ 640 आहे. कमी पडतात त्या 260. पण आपण ‘असू द्या, कामी येईल’ म्हणून पाच हजार टाकले, तर पंथ बदलतोच, शिवाय भक्तीची पातळीही झपाट्याने वर चढते. मग कालपर्यंत कोणी न विचारणारा हा सरदार आपल्या धर्मबांधवांच्या नजरेत थोर पुरुष ठरतो, त्याच्याविषयीचे मत सुधारते आणि पुढचे अडथळे न लढताच दूर होतात. ज्याला केवळ तूट भरून काढायची आहे त्याने बेरजेला हात लावू नये. त्यासाठी वेगळी आज्ञा आहे :

इफेक्ट ॲड_पायटी_नो_एक्स्पीरियन्स = 260

हिने फक्त शिल्लक वाढते, पातळी होती तेथेच राहते. माझ्या मते दहातल्या आठ प्रसंगी हीच आज्ञा योग्य असते, आणि तरीही ती सर्वांत कमी वापरली जाते. याच्या उलट, शिल्लक पुरेशी आहे पण अट पातळीची आहे, अशा वेळी पुढची आज्ञा द्यावी :

इफेक्ट ॲड_पायटी_लेव्हल = 1

राजा एक पायरी वर जातो आणि हातातली पायटी तशीच राहते. पूर्ण पायरी न देता पुढच्या पायरीच्या दिशेने थोडे सरकवायचे असेल, तर ‘ॲड_पायटी_एक्स्पीरियन्स’ ही आज्ञा याच रीतीने आकडा देऊन वापरता येते. मग उरलेले अंतर राजाने तीर्थयात्रा वगैरे करून स्वतः कापावे, आणि खेळ म्हणून तेच अधिक रंगते.

कमी करायचे असेल तर आकड्यापुढे उणे चिन्ह द्यावे. ‘इफेक्ट ॲड_पायटी = -300’ असे लिहिले की शिल्लक तेवढी उतरते आणि ‘इफेक्ट ॲड_पायटी_लेव्हल = -1’ असे लिहिले की पायरी एकाने खाली येते. अनवधानाने जास्त दिले गेले असल्यास हाच उपाय आहे. तथापि प्रयोग करण्यापूर्वी खेळ वेगळ्या नावाने जतन करून ठेवला तर या उणे-अधिकाच्या खटाटोपाची गरजच पडत नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे जतन करण्याची सवय आपल्याकडे आधीपासूनच असायला हवी, कन्सोल हे तिचे आणखी एक कारण. जतन केलेले खेळ डॉक्युमेंट्समधल्या पॅरॅडॉक्स इंटरॅक्टिव्ह या फोल्डरात, क्रुसेडर किंग्ज 3 च्या आत, ‘सेव्ह गेम्स’ नावाने सापडतात. खेळ थांबवलेल्या स्थितीत आज्ञा दिली तरी चालते, पण काही वेळा बटणाची अवस्था लगेच बदललेली दिसत नाही, तेव्हा घड्याळ एक दिवस पुढे जाऊ द्यावे.

आतापर्यंतच्या आज्ञा आपल्याच राजावर चालतात. दुसऱ्याची भक्ती बदलण्यासाठी त्या व्यक्तीचा क्रमांक लागतो. डीबग मोड चालू असताना कोणाच्याही चेहऱ्यावर माउस नेला की माहितीच्या चौकटीत तो क्रमांक दिसतो. ‘ॲड_पायटी’ या साध्या आज्ञेत आकड्यानंतर जागा सोडून तो क्रमांक लिहिला की पायटी त्या व्यक्तीला मिळते. ‘इफेक्ट’च्या वर दिलेल्या आज्ञा मात्र ज्याच्या भूमिकेत आपण आहोत त्याच्यावर लागू होतात, म्हणून तेथे भूमिका बदलावी :

प्ले, जागा, आणि त्या व्यक्तीचा क्रमांक

असे लिहिले की आपण त्या व्यक्तीच्या जागी जातो. हवी ती आज्ञा द्यावी आणि परत ‘प्ले’ लिहून स्वतःच्या राजाचा क्रमांक द्यावा. जाण्यापूर्वी स्वतःचा क्रमांक कागदावर टिपून ठेवावा, नाहीतर परतताना आपलाच राजा दरबारभर शोधावा लागतो.

दुसऱ्याला पायटी देताना मात्र जपावे. संगणक चालवत असलेल्या राजाजवळ पायटी साचली की ती तो खर्च करण्याच्या वाटा शोधतो, आणि त्यांतली एक वाट धर्मयुद्धाची असते. आपल्या सीमेला लागून असलेल्या परधर्मीय राजाला गंमत म्हणून हजार पायटी देणे म्हणजे युद्धाचे आमंत्रण देणे होय. उलट, शेजारी सतत धर्मयुद्ध पुकारून त्रास देत असेल तर त्याची शिल्लक उणे चिन्हाने उतरवणे हा त्याच्यावर सैन्य पाठवण्यापेक्षा शांत उपाय आहे. तो प्रामाणिक आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. एकट्याने खेळताना फसवणूक होतेच तर ती आपलीच होते.

एकदाच भर टाकण्यापेक्षा पायटीचा ओघ वाढवणे अनेकदा चांगले. वरच्या पट्टीतल्या पायटीच्या चिन्हावर माउस धरला की दर महिन्याची आवक कशी बनते याचा तपशील दिसतो. तो आधी वाचावा. प्रत्येक पंथात काही स्वभावगुण सद्गुण मानले जातात आणि काही पाप मानले जातात. सद्गुणांनी आवक वाढते, पापांनी घटते. जो स्वभाव एका पंथात पुण्याचा तोच दुसऱ्यात पापाचा असू शकतो, म्हणून पंथाच्या खिडकीत यादी पाहूनच गुण निवडावा. ‘झेलस’ हा कट्टर श्रद्धेचा स्वभाव मासिक पायटी वाढवतो आणि ‘सिनिकल’ हा अश्रद्ध स्वभाव ती घटवतो. दोन्ही परस्परविरोधी असल्याने राजा मुळात सिनिकल असेल तर आधी ‘रिमूव्ह_ट्रेट सिनिकल’ आणि मग ‘ॲड_ट्रेट झेलस’ असा क्रम ठेवावा. यात एक तोटा आहे. स्वभाव बदलला की राजाला कोणत्या कृत्यांनी मानसिक ताण येतो तेही बदलते. पायटीचा ओघ वाढला म्हणून आनंद मानावा आणि थोड्याच काळात राजा ताणाने खचून जावा, असेही घडू शकते.

पंथ बदलण्याची थेट आज्ञाही आहे. ‘इफेक्ट सेट_कॅरॅक्टर_फेथ = फेथ:शैविझम’ असे लिहिले की पायटी न भरता राजा त्या पंथात जातो. फेथ या शब्दानंतर विसर्गासारखे दोन ठिपके येतात आणि त्यांच्या आजूबाजूला जागा नसते. आज्ञा सोयीची आहे, पण मी ती टाळतो. 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तेथल्या माणसाला धर्मांतर ही एका ओळीची गोष्ट वाटणे कठीणच, आणि खेळाच्या दृष्टीनेही त्यातली किंमत काढून टाकली की निर्णयाला वजन राहत नाही. तूट भरून काढावी आणि मग खेळाच्या नेहमीच्या मार्गाने पंथ बदलावा.

व्यक्तीच्या भक्तीखेरीज संपूर्ण पंथाचाही एक आकडा असतो, त्याला फर्वर, म्हणजे पंथाचा धार्मिक उत्साह, म्हणतात आणि तो शून्य ते शंभर या मर्यादेत राहतो. फर्वर जास्त असलेल्या पंथाची प्रजा दुसऱ्या पंथात वळवणे अवघड जाते आणि फर्वर फार खाली गेला की त्या पंथातून पाखंडी शाखा फुटू लागतात. आपल्या जिल्ह्यांमध्ये अचानक नवे पंथ उगवू लागले असतील तर दोष राजाच्या पायटीत नसून येथे असतो, आणि राजाला कितीही पायटी दिली तरी उपयोग होत नाही. फर्वरची आज्ञा थोडी लांब आहे. आधी ‘इफेक्ट फेथ =’ लिहून महिरपी कंस उघडावा. त्यात ‘चेंज_फर्वर =’ लिहून दुसरा महिरपी कंस उघडावा. या दुसऱ्या कंसात ‘व्हॅल्यू = 15’ आणि जागा सोडून ‘डेस्क =’ लिहून पुढे कारणाचे एखादे रोमन नाव जागा न सोडता लिहावे. शेवटी दोन्ही कंस बंद करावेत. डेस्क म्हणजे या बदलाचे जे कारण खेळ दाखवणार त्याची खूण होय. ती वगळू नये. हा बदल पंथाच्या सर्व अनुयायांवर होतो, आपल्या राज्यापुरता नसतो. त्यामुळे दहा-पंधराच्या पुढे आकडा नेण्याची गरज सहसा पडत नाही.

आज्ञा दिली आणि काहीच घडले नाही, तर आधी स्पेलिंग, मग बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंच्या जागा आणि मग कंसांची जोडी तपासावी. खेळाच्या नव्या आवृत्तींत आज्ञा बदलू शकतात. अशा वेळी जुन्या याद्या धुंडाळण्यापेक्षा कन्सोलमध्ये ‘स्क्रिप्ट_डॉक्स’ लिहावे. आपल्या संगणकावरच्या आवृत्तीत चालणाऱ्या सर्व परिणामांची यादी डॉक्युमेंट्समधल्या खेळाच्या फोल्डरात ‘लॉग्ज’च्या आत तयार होते. नोटपॅडमध्ये ती उघडून पायटी हा शब्द रोमन लिपीत शोधला की या लेखातल्या आज्ञा आणि आणखी काही समोर येतात. चुकलेल्या आज्ञांची नोंद त्याच ठिकाणी ‘एरर’ नावाच्या लॉगमध्ये होते.

जुन्या खेळांतून आलेल्यांसाठी थोडेसे. 2012 च्या क्रुसेडर किंग्ज 2 मध्ये डीबग मोड लागत नाही. तेथे खिडकी उघडून नुसते ‘पायटी 260’ लिहिले की पुरते आणि व्यक्तींचे क्रमांक पाहण्यासाठी ‘चारइन्फो’ ही आज्ञा आहे. 2013 च्या युरोपा युनिव्हर्सालिस 4 मध्ये डिव्होशन नावाचा आकडा आहे खरा, पण तो धर्मसत्ताक राज्यांचा असतो आणि शून्य ते शंभर या मर्यादेत फिरतो. त्याचा येथल्या पायटीशी संबंध नाही आणि एका खेळाच्या आज्ञा दुसऱ्यात चालत नाहीत.

राहिला वारसाचा प्रश्न. पायटी व्यक्तीची असते, घराण्याची नसते. राजा मेला की त्याची शिल्लक आणि पातळी त्याच्याबरोबर जाते आणि वारस स्वतःच्या आकड्यांनिशी गादीवर येतो. ज्याने बापाला कन्सोलवरून थोर पदाला पोहोचवले आहे त्याला मुलाच्या पहिल्याच वर्षी हा फरक जाणवतो, कारण बापाच्या भक्तीवर सुरू केलेल्या योजना मुलाला झेपत नाहीत. म्हणून राजा म्हातारा झाला की वारसाच्या चेहऱ्यावर माउस नेऊन त्याचा क्रमांक टिपावा, त्याची पातळी पाहावी आणि मदत करायचीच असेल तर राजा जिवंत असतानाच ‘प्ले’ने त्याच्या जागी जाऊन एखादी पायरी द्यावी. त्यानंतर आपल्या राजाकडे परतावे, खेळ जतन करावा, आणि पुढे कन्सोलची गरज नसेल तर स्टीममधल्या लाँच ऑप्शन्सच्या चौकटीतले शब्द पुसून खेळ पुन्हा सुरू करावा.